मीठ कमी, यीस्ट जास्त

४ मार्च

चि. शंकासुरास,

अनेक आशीर्वाद. लहानपणी "पावाला भोकं कोण पाडतं?" असं विचारून माझं डोकं खाणाऱ्या भाचीला आज मामाच प्रश्न विचारायला बसलाय, म्हणजे दिवस फिरले म्हणायचे. फोन करत नाही, कारण पीठ मळायच्या यंत्राने माझे कान कधीच खाल्लेत. फोनवर मी नुसता "हो हो" करतो आणि ठेवल्यावर काय बोलणं झालं ते मलाच ठाऊक नसतं. आपला गाडीवाला रोज पाव घेऊन तुझ्या गावात येतोच, त्याच्या हाती हे देतोय. उत्तरही त्याच्याच हाती दे.

मामीच्या आतड्याला पीळ पडला आणि ऑपरेशन झालं, हे तुझ्या आईने सांगितलं असेलच. नंतर आतले टाके सुटले म्हणून पुन्हा पोट उघडलं. आता तिला अतिदक्षता विभागातून दोन खाटांच्या खोलीत आणलंय. पोटाला विश्रांती हवी, म्हणून जेवण सगळं मानेतल्या नळीतून. दुधासारखं पांढरं काहीतरी थेंब थेंब उतरतं आणि थेट रक्तात जातं म्हणे. ती म्हणाली, "चावायचे कष्ट वाचले, पण तुमच्या पावात मीठ कमी आहे म्हणायची सोय गेली." लग्न झाल्यापासून तिला माझ्या पावात मीठ कमीच लागतं, हे तुला सांगायला नको.

शेजारच्या खाटेवर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एक आजी आहेत. त्यांच्याही मानेत तशीच नळी. त्यांना भेटायला कुणी येत नाही, म्हणून त्यांची उशी मीच सारखी करतो.

परवा मामीला पुन्हा ताप भरला. रक्त तपासलं तर डॉक्टर म्हणाले, या खेपेला बुरशी निघाली आहे, यीस्टच्या जातीची. "कुठून आली?" विचारलं तर म्हणाले, "अशा रुग्णांत येते कधी कधी." नमुना पुढच्या तपासणीला तुमच्याच लॅबकडे पाठवलाय.

तर सहज विचारतो. पावाचं यीस्ट माणसाच्या रक्तात जाऊ शकतं का? घाई नाही. पण गाडीवाला उद्या येईल तेव्हा उत्तर तयार ठेव.

तुझा
भट्टीवाला मामा

---

६ मार्च

प्रिय मामा,

तुझं "घाई नाही" घेऊन आलेला गाडीवाला काल लॅबच्या फाटकाशी हॉर्न वाजवून वाजवून गेला. काल जमलं नाही, आज पहाऱ्यावर बसलाय.

आधी उत्तर, मग पाल्हाळ. पावाचं यीस्ट रक्तात सापडणं जवळपास अशक्य. मामीच्या रक्तातली बुरशी बहुतेक दुसऱ्या घराण्यातली असणार, कॅन्डिडा म्हणतात तिला. ती तुझ्या भट्टीत राहत नाही. आपल्या सगळ्यांच्या तोंडात, आतड्यात, कातडीवर बिऱ्हाड करून असते. भाडं देत नाही, पण त्रासही देत नाही.

मग मामीलाच का? मामा, माझ्या प्रबंधाचा विषय नेमका हाच आहे: नळी लावलेल्या कुणाच्या रक्तात बुरशी शिरते आणि कुणाच्या नाही. लाज वाटते सांगायला, पण तुझं पत्र वाचून आधी मामीची काळजी वाटली आणि मागोमाग कुतूहल जागं झालं. रागवू नकोस.

कातडी ही घराची भिंत धर. नळी म्हणजे त्या भिंतीला पाडलेलं दार, आणि ते दिवसच्या दिवस उघडं. नुसत्या उघड्या दाराने चोरी होत नाही. पण मामीला कितीतरी दिवस जंतूंवरची जालीम औषधं चालू आहेत. ती वाईट जंतूंबरोबर आतड्यातले भले जंतूही मारतात, आणि बुरशीला मात्र ती लागू पडत नाहीत. शेजारपाजार ओस पडला की ही बाई हातपाय पसरते. त्यात पोट दोनदा उघडलेलं. आणि नळीतून जाणारं ते पांढरं अन्न, त्यात साखर, त्यात तेल. मामीला जे पोसतं ते बुरशीलाही पोसतं. वर नळीच्या आतल्या अंगाला ती असा चिवट थर धरते की औषध नुसतं वरून वाहून जातं. म्हणून डॉक्टरांना आजच विचार, ती नळी काढणार ना? काढायलाच हवी.

नमुना आमच्याकडे आलाय. नक्की जात कळायला थोडे दिवस लागतील. तू मामीच्या उशाशी आहेस, म्हणून मला तसा घोर नाही.

तुझी
शंकासुर

---

९ मार्च

चिमणे,

अक्षर वाकडं आहे कारण पाटीवर कागद ठेवून झोपल्या झोपल्या लिहितेय. गाडीवाला वॉर्डात पाव टाकायला येतो, त्याच्या हाती देते.

जुनी नळी काढली. मानेच्या दुसऱ्या बाजूला नवी घातली. बुरशीवरचं औषधही चालू केलंय. एक दिवस बरं वाटलं, आज पुन्हा अंग तापलंय. पण मी लिहितेय ते तापासाठी नाही.

तुझा मामा येईनासा झालाय. तो यीस्टचा रिपोर्ट आला त्या दिवसापासून. धुतलेले कपडे गाडीवाल्याबरोबर पाठवतो आणि सोबत चिठ्ठी, की भट्टीचं काम निघालंय. अगं, मी त्या दुकानाच्या गल्ल्यावर उभं आयुष्य काढलं. भट्टीचं काम निघालं असतं तर वॉर्डातला पाव वेळेवर आला असता का? रोज वेळेवर येतोय. वर चांगला भाजलेला.

आम्ही खूप भांडलो असू, पण त्याने पाठ फिरवल्याचं मला आठवत नाही. मला एक खरं सांग. डॉक्टरांनी त्याला असं काही सांगितलंय का, जे मला सांगत नाहीत? माझे दिवस भरलेत आणि त्याला ते बघवत नाही, असं तर नाही ना? असेल तर असू दे, पण मला अंधारात ठेवू नका. मी घाबरलेय, चिमणे.

मामी

---

१० मार्च

मामा,

तुझ्या "सहज विचारतो"चा अर्थ आज लागला. चोराच्या मनात चांदणं! आणि मी मूर्ख, तुला बुरशीचं बिऱ्हाड आणि भाडं सांगत बसले.

सोबत मामीचं पत्र जोडतेय. तिने ते तुझ्यासाठी लिहिलेलं नाही, तरी वाच. तू तिला स्वतःपासून, तुझ्या अंगावरच्या यीस्टपासून वाचवायला लांब राहिलास आणि तिला वाटतंय की ती मरायला टेकलीय म्हणून तू येत नाहीस. तिला मी लिहिलंय की डॉक्टरांनी तसं काहीही सांगितलेलं नाही. बाकीचं तू सांग, समोर जाऊन.

तुझी भाची

---

११ मार्च

शंकासुरा,

तुझं पत्र वाचलं, तिचं वाचलं, आणि गेलो. दारापर्यंत. दाराला काच आहे. तिने मला पाहिलं. मी हात हलवला, तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी परत आलो.

तू "जवळपास अशक्य" लिहिलंस. त्या "जवळपास"ने माझी झोप उडवली. मी दिवसभर यीस्टमध्ये असतो. ते माझ्या नखांत, बुटांत, भुवयांत. तिच्याकडे जाताना हात धुवायचो, पण भुवया कोण धुतं?

आणि ऐक. घड्याळवाल्या आजींनाही ताप भरलाय आणि त्यांच्याही रक्तात यीस्ट निघालंय. ज्यांची उशी मी सारखी करायचो त्या आजी! त्या खोलीत बेकरीवाला एकच येत होता. आता सांग जवळपास.

मला गोड बोलू नकोस. पाव करपलाय म्हणणारं गिऱ्हाईक मला चालतं, करपलेला खाऊन वाहवा करणारं चालत नाही. बाप दाखव नाही तर श्राद्ध कर. जे निघेल ते जसंच्या तसं कळव. तोवर मी आत जाणार नाही. मारून टाकण्यापेक्षा रुसलेली परवडली.

मामा

---

१४ मार्च

प्रिय मामा,

हे बसून वाच.

माझं चुकलं. ती कॅन्डिडा नाही. मामीच्या आणि आजींच्या, दोघींच्याही रक्तातली बुरशी तुझ्याच घराण्यातली निघाली, जिच्यामुळे पाव फुगतो तीच. तपासणी पुन्हा केली, तरी तेच निघालं. तुला इतक्या ठामपणे लिहून बसले होते!

आता उठून पाणी पी आणि पुढचं वाच. घराणं एक म्हणजे घर एक असं नाही. तुझ्या पोत्यातलं यीस्ट आणि या दोघींच्या रक्तातलं यीस्ट यांचे ठसे ताडून बघता येतात, माणसांच्या बोटांचे ताडतात तसे. तर तुझ्या यीस्टची चिमूट स्वच्छ डबीत घट्ट बंद करून पाठव. स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने पाठवायला सांगतेय, कळतंय मला. तरी पाठव.

आणि मला एक कोडं सुटत नाहीये. तू त्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस, जुनी नळी गेली, औषध चालू झालं, तरी मामीला ताप परत आला. ज्याच्यावर संशय तो घरी बसलाय आणि चोरी चालूच आहे. मग खोलीत रोज कोण येतंय? आपण साप साप म्हणून भुई धोपटतोय असं मला वाटायला लागलंय. पण वाटणं आणि निघणं यात फरक असतो, तो मी एकदा शिकले.

मामीलाही लिहिलंय. खोलीत कोण येतं, काय उघडतं, कशाला हात लावून नळीला हात लावतं, ते सगळं बघ म्हटलं. गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाच्या खिशातलं ओळखणारी बाई आहे ती.

तुझी
शंकासुर

---

१६ मार्च

चिमणे,

तू मला हेर केलंस, बरं केलंस. इतके दिवस छत बघत होते. आता माणसं बघते. ताप आहे, पण मजा येतेय.

आणि तुझा मामा का येत नाही तेही तुझ्या पत्रातून कळलं. भुवयांचं वाचून हसले, टाके दुखले. मग रडले. आता तुझं काम.

फरशी पुसणारी येते, ती कशालाच हात लावत नाही, नुसती खाटेच्या पायांना धडका देते. डॉक्टर येतात, हात चोळून धुतात, पोट दाबतात, जातात. पांढऱ्या अन्नाची पिशवी बदलणारी सिस्टर नळीचं टोक घासून पुसते, नीट करते. मला तर काहीच सापडेना.

मग काल दुपार झाली. दुपारी खिडकीतून उन्हाची एक तिरीप माझ्या उशीवर येते. त्या वेळी जुलाबाची पुडी असते. जंतूंवरच्या औषधांनी मला जुलाब लागले होते, म्हणून ही पुडी पाण्यातून घोटभर देतात, तोंडाने तेवढंच. सिस्टरने खाटेशी उभं राहून पुडी फोडली, आणि त्या तिरिपेत भुकटी नाचायला लागली. अगदी दुकानात पिठाचं पोतं झटकल्यावर नाचते तशी. बघत राहिले. ती नाचत नाचत माझ्या मानेवर बसली, नळीवर बसली, काही आजींच्या पांघरुणाकडे गेली. तिकडे आजींचं यंत्र वाजायला लागलं, तर सिस्टर त्याच हातमोज्यांनी त्यांची नळी सरळ करायला धावली.

रिकामी पुडी मी मागून घेतली. बारीक अक्षर, चष्मा शोधावा लागला. त्यावर लिहिलंय की आत जिवंत यीस्ट आहे, पोटाला चांगलं असतं म्हणून. पुडी सोबत पाठवतेय, एक न फोडलेलीही घातलीय. सिस्टरला म्हटलं, माझ्या भाचीचा निरोप येईपर्यंत मी ही घेणार नाही. ती चक्रावली, पण डॉक्टरांना विचारून थांबवली.

आता जे लिहिते ते लिहायला जड जातंय. तुझा मामा यायचा तेव्हा ही पुडी तोच फोडायचा. सिस्टरची धावपळ असायची, ती म्हणायची, "काका, तुम्ही द्या ना." तो दाताने कोपरा फाडायचा, मग तळाला टिचक्या मारत बसायचा, शेवटचा कणसुद्धा वाया जाऊ नये म्हणून. आणि तसाच उठून आजींची उशी सारखी करायचा. मी त्याच्याकडे बघत पडायचे आणि मला बरं वाटायचं.

तुझ्या तपासणीत खोट नको, म्हणून सांगितलं. त्याला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मला ठरवता येत नाही.

मामी

---

२१ मार्च

प्रिय मामा,

निकाल लागला. तुझं यीस्ट निर्दोष. डबीतल्या चिमटीचे ठसे मामीच्या रक्ताशी जुळत नाहीत, आजींच्याही नाहीत. दोन्ही रक्तांतलं यीस्ट जुळतं ते मामीने पाठवलेल्या पुडीशी. जुलाबाच्या औषधाची पुडी, तीच. पावाच्या यीस्टचीच जवळची बहीण, फक्त औषधात भरलेली. धडधाकट माणसाच्या पोटात ती खरंच उपकार करते. ती आली दिवसाढवळ्या, पेल्यात, चमचा घालून. काखेत कळसा आणि मी सगळ्या गावाला वळसा घातला.

इथे पत्र संपवायचा मला मोह झाला. एक पत्र तसं संपवलंही होतं, मग फाडलं. तू म्हणाला होतास, गोड बोलू नकोस.

मामा, ती पुडी तू फोडत होतास. मामीने पाहिलंय. तुझ्या आधी सिस्टर फोडत होत्या, तू येईनासा झाल्यावरही त्याच फोडत होत्या, आणि त्यांच्या हातूनही भुकटी तशीच उडाली, म्हणून तर ताप परत आला. आजींना ती पुडी कधीच दिलेली नव्हती. त्यांच्यापर्यंत ती हवेतून गेली की हातांवरून, आणि गेली असेल तर कुणाच्या, हे मला कुठल्याच तपासणीत दिसत नाही. तुझ्या हातांवरून गेली असेल. नसेलही. याहून जास्त मला माहीत नाही आणि उगाच धीर द्यायला मी काही बनवणार नाही.

पण हेही तितकंच खरं, की हीच भुकटी तुझ्यामाझ्या अंगावर ओतली असती तर आपण झटकून कामाला लागलो असतो. मानेत नळी, ओस पडलेलं आतडं, दोनदा उघडलेलं पोट, थकलेलं अंग, हे सगळं एकत्र आलं म्हणून तिला वाट सापडली. मानेत नळी असलेल्या माणसाजवळ ती फोडू नये, हे तुला कुणी सांगितलं नाही. मी हे कधीतरी वाचलं होतं आणि माझ्या तोंडून ते वेळेवर निघालं नाही. माझ्या प्रबंधात नळी आहे, औषधं आहेत, ऑपरेशनं आहेत. मायेने फोडलेली पुडी नाही. आता ती घालणार आहे.

हॉस्पिटलला सगळं कळवलंय. नळीवाल्या रुग्णांना ती पुडी आता द्यायची नाही, त्यांच्या खोलीत फोडायचीही नाही, असं ठरलंय.

जा आता. दारापर्यंत नाही, आत जा.

तुझी
शंकासुर

---

२५ मार्च

चि. शंकासुरास,

तुझं पाकीट न फोडता खिशात घातलं आणि हॉस्पिटलात गेलो. म्हटलं, निकाल लागायचा तो तिच्यासमोर लागू दे. दाराशी पाय अडखळले, पण गेलो आत. पाकीट तिच्या हातात दिलं.

तिने मोठ्याने वाचलं. मला कमी ऐकू येतं म्हणून जरा जास्तच मोठ्याने. अर्ध्या वॉर्डाला माझं प्रकरण आता तोंडपाठ आहे. "तू फोडत होतास" इथे तिचा आवाज बारीक झाला, पण तिने ओळ गाळली नाही.

मी म्हटलं, "म्हणजे मीच."

ती म्हणाली, "अहो, फोडणारे हात तुमचे, पण आ करणारं तोंड माझंच होतं ना? लिहून देणारे डॉक्टर, हातात देणारी सिस्टर. त्यात तुमच्या वाट्याला येऊन येऊन किती येणार? पण येणं बंद केलंत, ते मात्र सगळंच्या सगळं तुमचं."

तुला सांगतो, पुडीचं मी सोसलं असतं. हे सोसलं नाही. तिथेच खाटेच्या कडेवर बसून लहान पोरासारखा रडलो. तिने माझा हात धरला आणि धरूनच ठेवला.

मग आजींच्या खाटेशी जाऊन त्यांनाही सांगितलं. आता त्यांचा ताप उतरलाय, नळी गेलीय. त्या म्हणाल्या, "घड्याळात धूळ जाते, ती कुणी मुद्दाम घालत नाही. काढायची असते, ती काढली." आणि उशी सरळ करा म्हणाल्या. मी आधी हात धुवायला गेलो, तर दोघी हसायला लागल्या.

मामीची दुसरी नळीही काल काढली. पुडी थांबल्यापासून ताप नाही. डॉक्टरांनी आज तोंडाने मऊ पाव द्यायला परवानगी दिली. भट्टीतून निघालेल्या पावात यीस्ट जिवंत राहत नाही हे मला सगळ्यांत आधी ठाऊक, तरी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं. पहिल्या घाण्यातला पाव निवडला, कडा काढल्या. हात धुतले. भुवयाही धुतल्या.

तिने एक तुकडा तोंडात घातला. डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली. माझा जीव टांगणीला.

"मीठ कमी आहे," म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यावर भांडलो नाही. मग डोळे न उघडताच म्हणाली, "उद्या जरा जास्त घालून आणा."

उद्या म्हणाली, शंकासुरा.

तुझा
मामा